आस्थापनेचा तयार संच : शिक्के ठेवा, पेनड्राइव्ह परत करा

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, कचेऱ्यांच्या आसपास सरकारी फॉर्म विकणारी दोन-चार दुकानं असतातच. दारात हजेरीपटांची चळत, आत नमुन्यांचे गठ्ठे, काउंटरवर रबरी शिक्क्यांचे ठसे चिकटवलेला पुठ्ठा. "तुमले काय जोयजे, भाऊ?" असं विचारणाऱ्या मालकाला नोंदवहीचं नाव सांगितलं की त्याचा हात न बघता बरोबर त्या फळीवर जातो. आस्थापना म्हणजे कचेरीत कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, पगार आणि रजांच्या नोंदी ठेवायचं काम; त्यासाठी या दुकानांत हल्ली 'आस्थापना संच' म्हणून एक जुडगा मिळतो. त्यात सेवापुस्तक, किरकोळ रजेची नोंदवही, वेतनवाढ नोंदवही, मजुरांचा हजेरीपट, तीन शिक्के आणि वर फुकट म्हणून एक पेनड्राइव्ह असतो. पेनड्राइव्हमध्ये रजा, वेतनवाढ आणि सेवानिवृत्तीचा हिशोब करून देणारी एक्सेलची फाइल आहे. पिशवीवर लिहिलंय, 'आस्थापनेचे काम सोपे'.

संच बेतलाय शाळा आणि ग्रामपंचायतींच्या मापाने. तो कृषी संशोधन केंद्राच्या टेबलावर कितपत चालतो, एवढंच इथे बघायचंय. खान्देशात अशी केंद्रं आहेत. जळगावला तेलबिया आणि केळी, धुळ्याला बाजरी, सगळी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कक्षेतली. भुईमुगाचा 'फुले प्रगती' म्हणजे जेएल २४ हा वाण जळगावचाच. त्या नावातला 'जेएल' आजही गावाची ओळख सांगतो. गंमत अशी की अशा केंद्रात रोपाची वंशावळ सात पिढ्या बिनचूक लिहिलेली सापडते, आणि ती लिहिणाऱ्या कृषी सहायकाच्या सेवापुस्तकात चार वर्षांच्या वेतनवाढी कोऱ्या असतात.

संशोधन केंद्राची आस्थापना माणसांनी लहान पण गुंत्याने मोठी. शास्त्रज्ञांच्या सेवाशर्ती वेगळ्या, लिपिक आणि कृषी सहायकांच्या वेगळ्या, कायम मजुरांच्या वेगळ्या. रोजंदारीवाले हजेरीपटावर, आणि प्रकल्पापुरते घेतलेले संशोधन सहायक करारावर. शिवाय पगार एका खिशातून येत नाही. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातल्या पदाला ७५ टक्के भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे आणि २५ टक्के राज्याचे. शेजारच्या टेबलावरचं पद राज्याच्या योजनेतलं. माणूस तोच, खुर्ची तीच, पण पाच वर्षांत लेखाशीर्ष, म्हणजे पगाराचा खर्च ज्या खात्यावर टाकतात ते, दोनदा बदललेलं. शाळेच्या मापाचा संच नेमका इथे अपुरा पडतो.

आधी सेवापुस्तक, कारण पैसे मुख्यतः त्याचेच मोजायचे असतात.

पुस्तक हातात घेतल्यावर आधी मधोमध उघडून पाठीकडे बघा. दोरा दिसला तर ते शिवलेलं आहे. दोरा न दिसता नुसती पिवळट डिंकाची रेघ दिसली तर परत ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली असलेल्या लोखंडी कपाटात त्याहून जास्त तापतं. डिंकाची बांधणी दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होते, मग पुस्तक सपाट उघडलं की पाठीतून कट्‌ असा आवाज येतो आणि नेमकं पहिलं पान सुटतं. जन्मतारीख, शिक्षण, ओळखीच्या खुणा, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, सही, सगळं त्याच पानावर. सुटलेलं पान टेपने चिकटवलं की त्याच्या खरेपणावर पुढे कोणीही बोट ठेवू शकतो. संचातल्या दोन आवृत्त्या बघितल्या तर एक शिवलेली आणि एक चिकटवलेली निघते. वरून दोन्हींचं रेक्झिन सारखंच. फरक सांगितल्याशिवाय दुकानदार चिकटवलेलीच देतो.

शिवलेल्यालाही एक खोड आहे. पुठ्ठा बसवायला खळ वापरलेली असते, आणि खळीला कसर नावाची कीड लागते. संशोधन केंद्रात रेकॉर्डची खोली बहुतेक वेळा बियाण्याच्या गोदामाला लागून. शेंगांना उंदीर आले की चवबदल म्हणून ते पुठ्ठ्याचे कोपरेही कुरतडतात. कपाटाच्या खालच्या फळीवर पुस्तकं ठेवू नयेत, भिंतीला टेकवू नयेत, आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत उघडून हवा द्यावी. कडुनिंबाचा पाला ठेवायची जुनी रीत वाईट नाही, फक्त पाला पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर पानांवर तपकिरी डाग पडतात.

कागद बरा आहे. शाईचं पेन फुटत नाही, जेल पेनही चालतं. शिक्क्याची तेलकट शाई मात्र मागच्या पानावर उमटते. दुकानातच शेवटच्या कोऱ्या पानावर शिक्का मारून उलटून बघावं, दुकानदार नाही म्हणत नाही.

रकान्यांकडे बघितलं की कळतं, मांडणी जुन्या पुस्तकावरून उचलली आहे. 'स्थायी की स्थानापन्न', 'अतिरिक्त वेतन', 'ग्रेड पे' हे रकाने अजून तसेच. राज्यात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यानंतर पगाराची ओळख म्हणजे वेतनस्तर आणि त्यातला टप्पा. त्याला रकाना नाही. मग लोक 'ग्रेड पे' खोडून वर 'एस-८' लिहितात. प्रत्येक ओळीला खाडाखोड आणि प्रत्येक खाडाखोडीला लहान सही, अशी पानंच्या पानं तयार होतात. त्यापेक्षा पहिल्या दिवशीच त्या रकान्याच्या शीर्षावर 'वेतनस्तर व टप्पा' असा छापील कागदाचा तुकडा व्यवस्थित चिकटवावा आणि पान एकच्या मागे तसा शेरा कार्यालय प्रमुखांच्या सहीने घ्यावा. व्हाइटनर नकोच. सेवापुस्तकात पांढरा डाग दिसला की तपासणारा आधी तोच नखाने खरवडतो.

योजनेचं नाव आणि लेखाशीर्ष लिहायलाही जागा नाही. शाळेत त्याची गरज पडत नाही. आपल्याकडे त्यावाचून पुढे अडतं, ते शिक्क्यांच्या वेळी सांगतो.

मांडणीतली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे दर आठ-दहा पानांनंतर शिवलेल्या बोटभर रुंदीच्या कोऱ्या पट्ट्या. वेतननिश्चितीचं विवरणपत्र, विकल्पपत्र, आश्वासित प्रगती योजनेचा (बढती न मिळताही ठरावीक वर्षांनी वरचं वेतन देणाऱ्या योजनेचा) आदेश पुस्तकात लावावेच लागतात, आणि प्रत्येक कागद पानावरच चिकटवला की पुस्तक शेवटी पोट सुटल्यासारखं फुगतं आणि बांधणी फाटते. पट्टीला कागदाची डावी कड चिकटवली की जाडी समतोल राहते. स्टेपलर मारू नका. पिन गंजते, आणि गंज सहीवरून पसरतो. आश्वासित प्रगतीचे लाभ १०, २० आणि ३० वर्षांनी मिळतात, म्हणजे एका नोकरीत तीन मोठे आदेश, शिवाय प्रत्येक आयोगाची वेतननिश्चिती. पट्ट्या असलेलं पुस्तक थोडं महाग पडलं तरी तेच घ्यावं.

मागच्या पुठ्ठ्याला नामनिर्देशनांसाठी खिसा आहे. कल्पना चांगली, पण रेक्झिन पातळ. दहा-बारा कागदांत फाटतं. नामनिर्देशनं एकाच प्रकारची नसतात. भविष्य निर्वाह निधीचं वेगळं, गट विमा योजनेचं वेगळं, उपदानाचं (ग्रॅच्युइटीचं) वेगळं. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना अंशदायी निवृत्तिवेतन योजना, तिथलं आणखी वेगळं. लग्नाआधी आई-वडिलांच्या नावाने भरलेलं भविष्य निर्वाह निधीचं नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर तसंच चालत नाही, नवं भरावं लागतं. खिशात जुनं आणि नवं दोन्ही एकत्र पडलं की वारसाच्या वेळी कोणतं खरं यावर टेबलाटेबलांवर चर्चा होते. जुन्यावर लाल शाईने 'रद्द, दिनांक अमुक' लिहून ते ठेवावं, फेकू नये.

आता शिक्के. पिशवीवरचा 'काम सोपे' हा दावा या संचात कशाला लागू होत असेल तर या तीन शिक्क्यांना. किमतीत त्यांचा वाटा सगळ्यात कमी, आणि मालक ते वरचं खेळणं समजून देतो.

एक रजा जमा करण्याचा. १ जानेवारी आणि १ जुलैला अर्जित रजा आणि अर्धवेतनी रजा किती दिवस जमा झाली ते लिहायला कोऱ्या जागा. दुसरा वेतनवाढीचा, त्यात स्तर, वेतन आणि दिनांक. तिसरा वार्षिक पडताळणीचा, 'दि. ___ ते दि. ___ या कालावधीतील सेवा वेतन देयकांवरून पडताळली' असा. सातव्या आयोगात वेतनवाढीच्या तारखाही १ जानेवारी आणि १ जुलै याच दोन. म्हणजे वर्षातून दोन दिवस कपाट उघडायचं, रजेचा शिक्का सगळ्यांच्या आणि वेतनवाढीचा ज्यांची वाढ त्या तारखेला येते त्यांच्या पुस्तकांत एका बैठकीत मारायचा, आकडे भरायचे, संध्याकाळी सह्या घ्यायच्या. हाताने वाक्य लिहीत बसलं तर एका पुस्तकाला पंधरा मिनिटं जातात आणि सातव्या पुस्तकानंतर 'वेतनवाढ मंजूर' मधला मंजूरच राहून जातो. शिक्क्याने तीन-चार मिनिटं लागतात आणि कोरी जागा डोळ्यांना दिसते, त्यामुळे काही सुटत नाही.

तिसऱ्या शिक्क्याचा मोसम एप्रिल. मार्चअखेरची देयकं पास झाली की वर्षभराच्या पगाराची पडताळणी करून तो मारायचा. त्याच वेळी पुस्तक कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची. पहिल्या पानाचं पाच वर्षांनी होणारं पुनर्साक्षांकनही कोणाचं यंदा येतं ते तेव्हाच बघायचं.

मूळ मजकुरात फक्त 'वेतन देयकांवरून' एवढंच आहे. संशोधन केंद्रात ते पुरत नाही. बाजरीच्या योजनेतून तेलबियांच्या योजनेत गेलेल्या माणसाचा जून ते ऑक्टोबरचा पगार एका आहरण व संवितरण अधिकाऱ्याने काढला, पुढचा दुसऱ्याने. पुस्तक नव्या कार्यालयात येतं, देयकं जुन्या कार्यालयात राहतात. नवं कार्यालय ते पाच महिने पडताळू शकत नाही, जुनं कार्यालय म्हणतं पुस्तक आमच्याकडे नाही. वीस वर्षांनी निवृत्तिवेतनाचं प्रकरण करताना नेमके तेच पाच महिने कोरे सापडतात, आणि तोपर्यंत त्या योजनेचं नाव बदललेलं, लिपिक निवृत्त आणि देयकांच्या गठ्ठ्यावर पोपडे. म्हणून शिक्का करून घेताना मजकुरात 'योजना ___, देयक क्र. ___, प्रमाणक क्र. ___' एवढी भर घालून घ्यावी. आणि कार्यमुक्त करतानाच, अंतिम वेतन प्रमाणपत्राच्या सोबतीने, कार्यमुक्तीच्या तारखेपर्यंतची पडताळणी करून पुस्तक पाठवावं. एप्रिलची वाट बघायची नाही. आस्थापनेतला निम्मा पुढचा पत्रव्यवहार या एका सवयीने वाचतो.

शिक्क्यांतले दोष लहान आहेत. ठसा सात सेंटीमीटर लांब आणि शेऱ्याचा रकाना साडेचारचा, त्यामुळे अक्षरं शेजारच्या सहीच्या रकान्यात घुसतात. दोन ओळींऐवजी चार ओळींचा उभा शिक्का करायला सांगा. आपोआप शाई घेणारे शिक्के उन्हाळ्यात सुकतात; त्याच कंपनीची दोन-तीन थेंब शाई घालावी. पाण्याच्या शाईवर तेलकट शाई ओतली की गादी कायमची गेली.

वेतनवाढ नोंदवही साधी आणि कामाची. एका पानावर एक महिना, जानेवारी आणि जुलै ही दोन पानं जाड. आता तिचा खरा उपयोग वेगळाच झालाय. पूर्वी पुस्तकात नोंद झाल्याशिवाय पगारात वाढ येत नसे. आता जिथे सेवार्थ या सरकारच्या संगणकीय पगार प्रणालीतून पगार निघतो तिथे संगणकात वेतनवाढ टाकली की पगार वाढतो, माणूस खूश, आणि पुस्तक तसंच राहतं. पगार वेळेवर येतोय म्हणजे सगळं ठीक, असं दोन्ही बाजूंना वाटत राहतं. काही वर्षांनी पुस्तकं नाशिकच्या वेतन पडताळणी पथकाकडे निघतात तेव्हा दिसतं की संगणक एका आकड्यावर आणि पुस्तक दुसऱ्यावर आहे. नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात 'पुस्तकात पान क्र.' लिहायची शिस्त ठेवली तर हे टळतं. तो रकाना छापलेला नाही, शेऱ्याच्या रकान्याचे दोन भाग करून घ्या.

किरकोळ रजेच्या नोंदवहीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर्षाला आठ दिवस, आठ चौकटी, अर्ध्या दिवसासाठी तिरकी रेघ. फक्त बदली सुट्टीला जागा नाही. राज्यात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, पण केंद्राच्या वेधशाळेत पारा बघायला शनिवारीही सकाळी सात आणि दुपारी दोनला माणूस लागतोच; पावसाला सुट्टी कळत नाही. त्याच्या बदली सुट्ट्या कुठेतरी चिठ्ठीवर राहतात आणि डिसेंबरात भांडणं होतात. नोंदवहीची उजवी कोरी बाजू त्यासाठी आखून घ्यावी.

हजेरीपट मात्र शेतावर कुचकामी. एका दिवसाला एक चौकोन, वर छापील वेळ कचेरीची. भुईमुगाच्या संकराचं काम बघा. फुलातले पुंकेसर आदल्या संध्याकाळी काढायचे आणि परागीकरण दुसऱ्या दिवशी पहाटे उरकायचं. बाई दोन वेळा शेतात येते, मधे घरी जाते. एका चौकोनात ते बसत नाही, म्हणून मुकादम वेगळ्या वहीत लिहितो आणि महिनाअखेरीला हजेरीपट 'तयार' करतो. हा 'तयार' केलेला हजेरीपट म्हणजे उद्याचा आक्षेप. साध्या आखलेल्या वहीत तारखेखाली सकाळ आणि संध्याकाळ असे दोन चौकोन पाडून, कामाचा प्लॉट क्रमांक लिहून, त्याच दिवशी अंगठा किंवा सही घेतलेली बरी. या भागाचे पैसे संचातून वजा करायला सांगा. काही दुकानदार करतात.

आणि आता पेनड्राइव्ह.

फाइल उघडली की निळ्या-हिरव्या रंगात कर्मचाऱ्याचं नाव, जन्मतारीख, रुजू तारीख भरायच्या चौकटी येतात, आणि रजा, वेतनवाढ, निवृत्तीची तारीख क्षणात खाली. बघायला छान. पण सूत्रं कुलूप लावून लपवलेली, पासवर्ड दुकानदारालाही माहीत नाही. मग एकच मार्ग उरतो, माहीत असलेली उदाहरणं घालून उत्तर बघायचं. तशी पाच उदाहरणं घातली तर पाचही चुकतात, आणि प्रत्येक चूक वेगळ्या जातीची.

पहिली निवृत्तीची तारीख. आपल्याकडे १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे हे सांगायला नको. गुरुजींनी शाळेत नाव घालताना दिलेली तीच जन्मभर चिकटली. नियम असा की वय पूर्ण होईल त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. १ जूनवाला ३१ मेला निवृत्त होतो. फाइल ३० जून दाखवते. तेवढ्यावर विसंबलं तर एक महिना जास्तीचा पगार निघतो आणि नंतर त्या माणसाकडेच वसुली लागते. सूत्र स्वतः लिहायचं तर जन्मतारखेतून आधी एक दिवस वजा करा, मग ६९६ महिने पुढे जा आणि त्या महिन्याची अखेर घ्या. १ तारीखवाले आणि बाकीचे, दोघांनाही ते बरोबर बसतं. ६९६ म्हणजे ५८ वर्षं. गट 'ड' साठी ६० वर्षं, म्हणजे ७२०. कृषी अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांसाठी ६२, म्हणजे ७४४. फाइलमध्ये ५८ सोडून दुसरं वयच नाही.

दुसरी, महिन्याच्या मधेच रुजू झालेल्याची रजा. १७ फेब्रुवारीला रुजू झालेल्या माणसाला ३० जूनपर्यंतची अर्जित रजा पूर्ण महिन्यांवर मिळते, महिन्याला अडीच दिवस. पूर्ण महिने मार्च ते जून, चार; म्हणजे १० दिवस. फाइल १३४ दिवस मोजून वर्षाच्या ३० दिवसांचं प्रमाण काढते आणि ११ देते. एका दिवसाने काय होतं असं वाटेल. सेवेच्या पहिल्या ओळीतली चूक मात्र पुढच्या तीस वर्षांच्या रजेच्या प्रत्येक शिलकीत बसलेली असते.

तिसरी ३०० दिवसांची मर्यादा. ३१ डिसेंबरला शिल्लक २९२ असेल तर १ जानेवारीला १५ दिवस मिळवून फाइल लगेच ३०० वर कापते. नीट पद्धत अशी की ते १५ दिवस वेगळे दाखवायचे, '२९२ + १५' असे, आणि त्या सहामाहीत घेतलेली रजा त्यांतून वळती करायची. मार्चमध्ये १० दिवस घेतले तर शिल्लक २९७ राहायला हवी, फाइल २९० दाखवते. सात दिवस गायब. निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळतात, तेव्हा हे सात दिवस म्हणजे हातातली रोकड.

चौथी असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजा. मागच्या सहामाहीतल्या असाधारण रजेचा एक-दशांश भाग पुढच्या जमेतून कमी होतो. २३ दिवस असाधारण रजा असेल तर १५ मधून २.३ वजा, उरले १२.७, म्हणजे १३. फाइलला हे माहीतच नाही, ती सरळ १५ जमा करते. परिवर्तित रजेतही, म्हणजे अर्धवेतनी रजा दुपटीने खर्चून घेतलेल्या पूर्ण पगारी रजेतही, तोच प्रकार. १२ दिवस परिवर्तित रजा घेतली तर अर्धवेतनी खात्यातून २४ जायला हवेत, जातात १२.

पाचवी पगाराची. एस-६ मध्ये २०,५०० नंतरचा टप्पा २१,१००. फाइल तीन टक्के काढते, ६१५, ते पुढच्या दहावर नेऊन ६२०, आणि उत्तर २१,१२०. ही सहाव्या आयोगाची सवय. सातव्यात हिशोब करायचाच नसतो, तक्त्यात खालचा टप्पा बघायचा. वीस रुपयांची चूक लहान दिसते, पण २१,१२० हा आकडा तक्त्यात कुठेच नाही, त्यामुळे पडताळणीत पहिल्या नजरेत अडकतो. आणि जास्त दिलेल्या पगाराची वसुली आता सोपी राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या रफीक मसीह प्रकरणातल्या निकालानंतर गट 'क' आणि 'ड' मधल्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षाच्या आत निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली साधारणपणे करता येत नाही. मग 'चूक कोणाची' हा प्रश्न आस्थापना टेबलाकडेच फिरून येतो. वरच्या १ जूनवाल्या महिन्याचं मात्र तसं नाही, तो नोकरी संपल्यानंतरचा पगार असतो.

भरीला भर, फाइलमधली नावं युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या फॉन्टमध्ये आहेत. दुसऱ्या संगणकावर उघडली की 'पाटील' च्या जागी कंस आणि टिंबं दिसतात, आणि अकारविल्हे क्रम लावायला गेलं तर चौधरी पाटलांच्या खाली जातात. ज्येष्ठता यादी करायला ही फाइल वापरणं म्हणजे स्वतःहून आक्षेप बोलावणं.

एक्सेल वापरू नका असं नाही. आठ स्तंभांचा साधा तक्ता पुरतो: नाव, सेवापुस्तक क्रमांक, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख, वेतनवाढीचा महिना, आश्वासित प्रगतीची पुढची तारीख, सध्याची योजना, आणि शेवटची पडताळणी कोणत्या तारखेपर्यंत. शेवटचा स्तंभ रंगवा. एप्रिल संपल्यावर तिथे ३१ मार्चच्या आधीची तारीख दिसली की ते पुस्तक काढायचं. रजेचा हिशोब मात्र पुस्तकातल्या रजा लेख्यातच करावा, पेनाने. शिल्लक रजेची खरी नोंद तीच धरली जाते.

खरेदीचं थोडक्यात. पुस्तकांवर किंमत छापलेली नसते. दहा-बारा एकदम घेतली तर भाव खाली येतो, जूनमध्ये शाळा उघडताना जाऊ नये. दुय्यम प्रतीसाठी पातळ पुठ्ठ्याची आवृत्ती चालते, ती कर्मचाऱ्याकडेच राहायची असते, पण नोंदी मूळ पुस्तकाच्याच दिवशी तिच्यातही करून द्याव्यात. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, वस्तूंची वेगवेगळी नावं आणि दर असल्याशिवाय निघू नका. नुसतं 'आस्थापना संच, एक' असं बिल खर्चाला टाकलं की लेखा शाखा ते परत पाठवते, आणि मग पेनड्राइव्ह साठा नोंदवहीत कुठे घ्यायचा यावर आठवडा जातो. शिक्क्यांचा दुरुस्त मजकूर घरून कागदावर टाइप करून न्या, 'पडताळली' मधला 'ड' दुकानात हमखास 'ढ' होतो, आणि ठसा कागदावर मारून वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर मिळतात.